पाटावरची कुबडी

माझ्या कुबडीचा आवाज मी आयुष्यात एकदाच ऐकला. हे वाचून कुणाला नवल वाटेल, कारण कळायला लागल्यापासून ती माझ्या काखेत आहे. पण स्वतःच्या चालण्याचा आवाज माणूस ऐकत नसतो, तो बाकीच्यांसाठी असतो. शाळेत मी वर्गाकडे निघाले की मुलं गडबडीनं बाकावर जाऊन बसतात, घरी आले की भावजय चहाचं आधण ठेवते, ते त्या आवाजावरून. मला मात्र तो कधी यायचा नाही. आता येतो. कुबडी भिंतीला टेकवून मी वह्या तपासत बसलेली असते आणि अंगणातून कुणीतरी तीच कुबडी टेकत माझ्याकडे येत असतं.

माझा डावा पाय लहानपणी पोलिओनं गेला. त्याला कॅलिपर लागतो. दोन्ही बाजूंनी लोखंडी कांब्या, चामड्याचे पट्टे आणि खाली बूट. तो सांगाडा पायात चढवायचा, पट्टे आवळायचे, गुडघ्याची कडी बसवायची आणि कुबडी घेऊन उठायचं. त्याशिवाय मला उभं राहता येत नाही. समजायला काही अवघड नाही, पण लोकांना ते माझं सामान वाटतं. सामान म्हटलं की ते सरकवायचं, कोपऱ्यात उभं करायचं, कुणाच्या हातात द्यायचं. एकदा रविवार कारंज्यावरून बसमध्ये चढले, तर एका भल्या गृहस्थांनी मला जागा दिली आणि कुबडी हातातून काढून घेऊन थेट ड्रायव्हरच्या मागं नेऊन ठेवली. "पडेल ना ताई, गर्दीत." माझा स्टॉप आला तेव्हा ते गृहस्थ उतरून गेले होते. बसायला जागा द्यायची आणि उठायची सोय काढून घ्यायची, असा हा चांगुलपणा. लग्नकार्यात तर विचारूच नका. जेवायला बसले की कुबडी कुणीतरी चपलांच्या ढिगाजवळ नेऊन ठेवणार, आणि मग नवरीकडची चार माणसं ती शोधत मंडपभर फिरणार.

चष्म्याचंही तेच. आमच्या शाळेतल्या एक बाई बोलता बोलता माझ्या नाकावरचा चष्मा उचलतात आणि स्वतःच्या नाकावर चढवतात. "अगंबाई, किती गरगरतंय! दिसतं तरी कसं हो तुम्हाला?" त्यांचं ते कौतुक संपेपर्यंत माझ्यासमोर नुसता त्यांच्या साडीचा रंग असतो. तुमची कवळी काढा बघू, मीही जरा घालून बघते, असं किती वेळा जिभेवर आलं. पण मी गणिताची बाई, आधीच खडूस म्हणून प्रसिद्ध, त्यात आणखी भर कशाला, म्हणून गिळते.

घरात असं कुणी करायचं नाही, याचं कारण बाबा. माझ्या खाटेशेजारी भिंतीत त्यांनी दोन जाड खुंट्या ठोकून दिल्या होत्या. एकीवर कॅलिपर, दुसरीवर कुबडी. त्या खुंट्यांकडे कुणी गेलं की ते बसल्या जागेवरून खाकरायचे. स्वतः त्यांनी माझ्या कुबडीला कधी बोटही लावलं नाही. त्यांनाही कळत होतं, कारण त्यांचा एक डोळा तरुणपणीच गेला होता आणि दुसऱ्याला बाटलीच्या बुडासारखी जाड काच लागायची. ती काढली की त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. झोपताना ते चष्मा खिडकीत ठेवत आणि मधल्या दारातून मला विचारत, "लावला का पाय खुंटीला?" मी म्हणायची, "लावला. डोळे ठेवले का खिडकीत?" मग दोघं हसायचो. बाहेरच्या कुणी ऐकलं असतं तर त्याला चांगलं वाटलं नसतं, पण आमचं ते रोजचं होतं.

आम्ही मखमलाबादकडचे मळेवाले. भाजी, आणि दसरा-दिवाळी धरून झेंडू. मळा माझा धाकटा भाऊ बघतो. माझ्यावर त्याचा जीव आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्या जिवापोटीच झालं.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा असते. विळे, खुरपी, कुदळ, फवारणीचा पंप, तराजू, जे जे वर्षभर राबतं ते सगळं धुऊनपुसून अंगणापलीकडच्या शेडमध्ये पाटावर मांडायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडूच्या माळा घालायच्या. एकदा मांडलं की दुसऱ्या दिवशी दसऱ्याला पूजा उचलेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. हत्यारांचा तो सुटीचा दिवस. नवमीला मळ्यात कुणी खुरपं धरत नाही. फुलं आदल्या दिवशीच तोडून क्रेटमध्ये भरलेली असतात, ती घेऊन सगळे पहाटेच पंचवटीच्या फुलबाजारात जातात.

माझा बूट चामड्याचा. त्यामुळं कॅलिपर घालून मी देवघरात जात नाही, कुणाच्या सत्यनारायणाला गेले तरी दाराशीच बसते. आजी होती तेव्हा ती त्यावर गोमूत्र शिंपडायची. अशा वस्तूला कधी पाटावर जागा मिळेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

त्या वर्षी भावाच्या मनात आलं की ताईचा पायही राबतो, त्याचीही पूजा झाली पाहिजे. पहाटे मी गाढ झोपेत असताना त्यानं खुंटीवरचा कॅलिपर आणि कुबडी काढून नेली. जाता जाता खिडकीतला बाबांचा चष्माही उचलला. बाबा झोपलेले, त्यामुळं खाकरायला कुणी नव्हतं. बाजारातून आपण लवकर येऊ, ताई उठली की तिला शेडमध्ये नेऊन दाखवू, असा त्याचा बेत होता. ताईला शेडपर्यंत न्यायचं कसं, हे त्याच्या डोक्यात आलं नसावं. भावजयीनं नंतर सांगितलं, त्यानं बुटाला पॉलिश केलं होतं.

मी उठले तेव्हा ऊन खिडकीवर आलं होतं. सवयीनं हात भिंतीकडं गेला तर दोन्ही खुंट्या मोकळ्या. मला आधी राग आला नाही, भीती वाटली. घरात मी आणि बाबा दोघंच होतो. मला लघवीला जायचं होतं आणि संडास-बाथरूम अंगणापलीकडं, शेडला लागून. मी भावाला फोन लावला. पुष्कळदा लावल्यावर त्यानं उचलला. मागं बाजाराचा कालवा.

"ताई, उठली व्हय? अगं, पूजेत मांडलीय तुझी कुबडी. पाय बी. बाबांचा चष्मा बी ठेवलाय. लय भारी दिसतंय! गिऱ्हाईक तुटून पडलंय इथं, येतोच मी. हलवू नका हां काही."

मी म्हटलं, "अरे, मला बाथरूमला जायचंय." पण त्याला कुणीतरी भाव विचारला, फोन बंद झाला.

मधलं दार उघडंच होतं. बाबांना सगळं ऐकू गेलं होतं. ते मघापासून खिडकीत चाचपडत होते, बोटं लाकडावर फिरताना ऐकू येत होती. ती थांबली.

"थांब, मी आणतो," ते म्हणाले.

"बाबा, नका. चष्मा नाही तुमच्या डोळ्याला. तो येतोय, मी थांबते."

"घर माझंच हाये ना? घरात फिराया काय डोळे लागतात का?"

"बाबा, बसा म्हणते ना मी!"

मी ओरडले होते. हे मला पुन्हा पुन्हा लिहावंसं वाटतं. मी नको म्हटलं होतं, स्पष्ट, मोठ्यानं. यात माझी चूक नव्हती आणि ती मी माझ्या पदरात घेणारही नाही. पण एका वयात आलेल्या मुलीला, मग ती पन्नाशीकडं झुकलेली का असेना, लघवीसाठी अडकून पडलेलं कोणत्या बापाला ऐकवेल?

ते भिंतीला हात लावत गेले. कडी काढली. ओट्याच्या पायऱ्या उतरले, एकेक, थांबून. मग बराच वेळ काही नाही. शेडमधून भांडं कलंडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ बाबांचा, "माफ कर गं माये." ते देवीला म्हणाले असणार. मांडलेली पूजा त्यांनी जन्मात कधी मोडली नव्हती.

आणि मग ती निघाली. अंगणातल्या कोब्यावर माझी कुबडी टेकली गेली, उचलली गेली, पुन्हा टेकली गेली. जमीन चाचपायला बाबांनी ती घेतली होती, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला एवढंच कळलं की हा आवाज मला ठाऊक नाही आणि तरी तो माझा आहे. खाटेवर बसलेली मी अंगणातून चालत येत होते. माझ्या अंगावर काटा आला. तो आवाज जवळ येत गेला, ओट्याशी आला, एकदा वरच्या पायरीवर टेकला.

पुढचा आलाच नाही. लोखंड आपटल्याचा आवाज आला. कॅलिपर त्यांनी खांद्यावर टाकला होता, त्याच्या ओझ्यानं तोल गेला.

मी खाटेवरून खाली पडले म्हणा, उतरले म्हणा. फरशीवरून हातांनी सरपटत दारापर्यंत गेले. बाबा पायरीखाली एका कुशीवर होते. कुबडी त्यांनी सोडली नव्हती, तिला झेंडूची माळ तशीच होती. हळदकुंकू त्यांच्या सदऱ्याला लागलं होतं. चष्मा पूजेतच राहिला होता. स्वतःचे डोळे शेजारीच ठेवलेले असताना त्यांनी आधी माझा पाय उचलला, की हाताला तोच लागला, हे मला कधीच कळणार नाही. मी हाक मारल्यावर त्यांनी मान माझ्या दिशेनं वळवली, पण थोडी चुकीच्या बाजूला.

"बघ गं," ते म्हणाले, "मोडली नाय ना?"

शेजारच्या मळ्यातली बाई माझ्या ओरडण्यानं धावत आली. मग गाडी, दवाखाना, खुब्याचं ऑपरेशन. भाऊ बाजारातून तसाच आला, अंगाला झेंडूचा वास. दवाखान्यात बाबांचा चष्मा कुणीतरी काढून टेबलाच्या खणात ठेवायचं आणि ते दिवसभर पांढऱ्या उजेडाकडं बघत पडायचे. मी गेले की आधी खण उघडायची. "आधी त्यांचे डोळे त्यांना देत जा, मग इंजेक्शन," असं मी तिथल्या एका सिस्टरला म्हटलं. ती बिचारी हो म्हणायची आणि ड्युटी बदलली की पुन्हा खण. बाबा त्या खाटेवरून उठले नाहीत. छातीत कफ झाला. दिवाळीच्या तोंडावर ते गेले.

सुतकात बायका यायच्या. आमच्याकडं दुःखाला कारण लागतं, आणि ते कारण त्यांना पहिल्याच दिवशी सापडलं. "मांडलेली पूजा हलवली हो. नवमीची पूजा अशी अर्ध्यात मोडती का कुणी?" एकीनं म्हटलं की दुसरीनं मान डोलवायची. हळूहळू ते खरंच होऊन बसलं. भाऊ खाली मान घालून ऐकायचा, आणि त्याच्या चेहऱ्यावरून मला दिसत होतं की त्यालाही ते पटतंय. पटणारच. पूजा मोडल्यानं बाप गेला म्हटलं की दोष देवाचा आणि बापाचा. मग पहाटे खुंटीकडं गेलेल्या हाताचा विचार करायला नको.

दहाव्याच्या दिवशी एक मावशी तेच म्हणाली आणि माझं डोकं फिरलं. भरल्या घरात मी बोलले. "पूजा हलवली म्हणून बाबा पडले नाहीत. माझा पाय आणि त्यांचे डोळे आम्हाला न सांगता नेऊन पाटावर ठेवले, म्हणून पडले." भाऊ उठून मळ्यात गेला तो अंधार पडेपर्यंत आला नाही. जे बोलले ते खरं होतं आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. त्याच्या तोंडाकडं बघवलं नाही, एवढंच.

त्यानंतर घरात एक विचित्र रीत पडली. माझ्या वस्तूंना कुणी हातच लावेना. कुबडी घसरून पडली तर भाऊ आणि भावजय दोघं जागच्या जागी थिजायची, जणू साप पडलाय. मी टेबलाला धरून वाकायची, ती बघत राहायची. पूर्वी लोक न विचारता उचलून न्यायचे, आता घरातली माणसं पडलेली उचलून देईनात. एकदा भावजयीला मी म्हटलं, "अगं, दे ना ती इकडं." तिनं आधी नवऱ्याकडं बघितलं. मग पदरानं धरून दिली. तिच्या हातातून ती घेताना मला इतकं एकटं वाटलं की सांगता येत नाही. बाबा असताना त्या खुंट्यांना मान होता. आता त्यांची दहशत होती, आणि त्या दहशतीत माझीही गणना होत होती.

भावाशी बोलणं कामापुरतं उरलं. पाऊस किती झाला, गॅस आला का. मला त्याच्याकडून माफी नको होती. त्याला हे कळायला हवं होतं की बाबा देवीच्या कोपानं गेले नाहीत. ते त्याला कळल्याशिवाय मला त्याच्या घरात राहणं जड जात होतं. गंगापूर रोडला एक खोली बघूनही आले. पण इथून निघायचं म्हणजे तो आवाजही इथंच सोडायचा, आणि खरं सांगायचं तर मला ते नको होतं. माझ्याकडं चालत येणारं आता दुसरं कोण उरलंय? संध्याकाळी तो येतो तेव्हा मी लाल पेन खाली ठेवते. तो ओट्याच्या पायरीपर्यंत येतो. मी वाट बघते. पुढचा टेका कधीच पडत नाही.

हत्यारांची पूजा भाऊ त्यानंतरही करायचा, पण शेडमध्ये नाही. मळ्यात विहिरीजवळ, लपूनछपून केल्यासारखी. मला प्रसाद यायचा, बाकी काही कळायचं नाही.

मागच्या नवरात्रात, अष्टमीला दुपारी मी खाटेवर बसून पट्टे सैल करत होते. दारात सावली पडली. भाऊ होता. हात धुऊन आलेला, बोटांत अजून झेंडूचं पिवळं. तो उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला. मी पट्टा हातात धरून थांबले.

"ताई," तो म्हणाला, "उद्या पूजा हाये. शेडातच मांडतोय यंदा." मग खुंटीकडं न बघता, माझ्याकडं बघून म्हणाला, "तुझी कुबडी ठेवायची का? नको असंल तर नको."

त्यानं पाय आत टाकला नव्हता. पूजेबद्दल तो विचारत नव्हता, हे आम्हा दोघांना कळत होतं. बाबा गेले त्या वर्षी नव्हे, त्याच्या पुढच्या वर्षीही नव्हे, त्याला इथवर यायला इतकी वर्षं लागली होती.

"नको," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला. डोळे पुसले, आणि फुलं भरायला गेला.

मला वाटलं होतं, हा दिवस आला की मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. त्याला ते विचारायला किती वेळ लागला असेल? घोटभर पाणी प्यायला लागतो तेवढा. त्या पहाटे त्यानं मला हलवून उठवलं असतं, एवढंच विचारलं असतं, मी झोपेतच नको म्हटलं असतं आणि कूस बदलली असती. बाबा उठून चष्मा लावून चहाला बसले असते. मी दार लावून घेतलं, उशी तोंडावर धरली आणि ते गेले त्या दिवशीही रडले नव्हते इतकी रडले.